बॉल माझ्या गुडघ्याला लागला होता

दिन्या, गेल्या रविवारी तुझ्या शोकसभेत मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली. बोटाची.

खरं तर मला बोलायचंच नव्हतं. फुटबॉल अकॅडमीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर तुझा फोटो, त्याला हार. एका पोरानं माईक आणून हातात दिला आणि म्हणाला, "काका, सरांचे सगळ्यात जुने मित्र तुम्ही, दोन शब्द बोला." आता दोन शब्दांत माझं कधी भागलंय? तोंड उघडलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं तेच बाहेर पडलं. मनमाडविरुद्धची फायनल, मॅच संपायला पाच मिनिटं, गोलच्या तोंडाशी फ्री किक आणि आपल्या दिन्याचं ते लांबलचक बोट. शेवटी उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून मी नेहमीसारखं वळवळवून दाखवलं. लोक हसले. डोळे पुसत होते आणि हसत होते. एकानं तर पाठीवर थाप मारली, "काका, मस्त बोललात." मी खाली बसलो आणि सभा संपेपर्यंत तुझ्या फोटोकडे बघितलं नाही.

ती गोष्ट खोटी आहे. तो बॉल तुझ्या बोटाला लागला नव्हता, माझ्या डाव्या गुडघ्याला लागला होता. हे जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्या गाढवाच्या हातात त्या दिवशी माईक होता.

आता तुला सांगून काय उपयोग, हे कळतं मला. तू असतास तर म्हणाला असतास, "अशक्या, बॉल जाळ्यात गेल्यावर उडी मारून काय करतोस?" पोरांना तू हेच ओरडायचास. पण मला कुठून तरी सुरुवात करायची आहे आणि तुझ्याशी बोलणं मला सोपं जातं. तू ऐकून घ्यायचास. मैदानावर नव्वद मिनिटं तुझं तोंड बंद नसायचं, डावा सांभाळ, पुढे सरक, मागे बघ. आणि मैदानाबाहेर पाय ठेवला की संपलं. मग बोलायचं काम माझं.

तू पहिल्यांदा दिसलास तो दिवस मला आठवतो. नामपूरहून अकरावीला नाशिकला आला होतास. वडील तिकडच्या मार्केटात मापाडी. तू आमच्या मैदानाच्या कडेला, हातात वह्या घेऊन नुसता उभा. आमचा एक शॉट बाहेर गेला, सरळ तुझ्या अंगावर. तू वह्या खाली टाकल्यास आणि तो बॉल घेतलास. आवाजच झाला नाही. आमच्या तेव्हाच्या कीपरच्या हातात बॉल थाडकन वाजायचा आणि अर्ध्या वेळा निसटायचा. मी पळत आलो, विचारलं, "कुठं खेळतोस रे?"

"कोठेच नही," तू म्हणालास. "कलिंगडं झेलतो."

मला वाटलं पोरगा माझी टिंगल करतोय. नंतर कळलं, खरंच होतं. उन्हाळ्यात कलिंगडाच्या गाड्या उतरवायला तू जायचास. गाडीवरचा माणूस फेकणार, खालच्यानं झेलायचं. फळ येतं तसे हात मागे न्यायचे, ताठ धरले की तडकतं. बस, तेवढी तुझी शिकवणी. पुढे कोचिंगच्या लायसन्सच्या कोर्सला त्या साहेबांनी फळ्यावर चित्रं काढून अर्धा तास जे समजावलं, ते तू सोळाव्या वर्षी शिकून आला होतास. त्या कोर्सला तू एकदा लेखी परीक्षेत आपटलास आणि दुसऱ्यांदा पास झालास, तेही इथंच सांगून टाकतो. लपवायचास ना?

मी स्टॉपर होतो. तुझ्या बरोबर पुढे उभा राहणारा. सहा वर्षं मी तुझ्याकडे पाठ करून खेळलो आणि तुझ्या आवाजावर चाललो. आपलं ते मुरमाड मैदान, गवताचा पत्ता नाही, उडी मारली की मांडीची सालटं निघायची. लग्न झाल्यावर शैला वहिनींनी तुझ्या चड्डीच्या दोन्ही बाजूंना आतून गोधडीचे तुकडे शिवून दिले होते. तू त्या चड्डीत चांगला जाडजूड दिसायचास. समोरचे हसायचे. पहिल्या वीस मिनिटांत त्यांचं हसू बंद व्हायचं.

आता त्या फायनलवर येतो. हे कोणी तिसरा वाचत असेल तर त्याला नियम कळायला हवा, तो सांगतो. पूर्वी आपल्याच खेळाडूनं पायानं मागे दिलेला बॉल कीपर खुशाल हातात घ्यायचा. मग नियम बदलला. पायानं मागे दिला तर कीपरनं हात लावायचा नाही. लावला तर समोरच्यांना तिथंच फ्री किक, पण इनडायरेक्ट. म्हणजे मारलेला बॉल सरळ गोलमध्ये गेला तर गोल नाही. मधे कुणाला तरी लागायला हवा, त्यांच्या किंवा आपल्या, कुणालाही. आपल्याकडे हा नियम येऊन थोडेच दिवस झाले होते. सगळ्यांना पाठ होता, अंगवळणी कुणाच्याच पडला नव्हता.

एक-एक बरोबरी. पाच मिनिटं राहिलेली. माझ्या अंगावर त्यांचा लांब केसांचा फॉरवर्ड धावून आला, मी घाबरलो आणि बॉल मागे ढकलला. तोही इतका हळू, की तू पायानं मारायला गेला असतास तर तो फॉरवर्ड आधी पोहोचला असता. तू झेप घेऊन हातात घेतलास. बरोबर केलंस. नाही तर तेव्हाच गोल होता. शिट्टी वाजली, फ्री किक. पहिली चूक माझी, हे सगळ्यांनी बघितलं. कॅप्टननं तिथल्या तिथं मला आईवरून शिवी दिली.

आपण अकराच्या अकरा जण गोललाईनवर उभे राहिलो, बारखाली. मी डाव्या खांबाजवळ, तू माझ्या शेजारी. आणि तू ओरडत होतास, मला आजही ऐकू येतं, "सरळ मारला तर सोडा! कोणी लावू नका! सोडा!" नियम तुला माहीत होता, रे. आपल्या टीममध्ये सगळ्यात जास्त तुलाच माहीत होता.

त्यांच्यातल्या एकानं बॉल हलवायचा होता आणि दुसऱ्यानं मारायचा. हलवणाऱ्याआधीच मारणाऱ्यानं मारला. आपल्या कोपऱ्यात आला. तू अंग टाकलंस आणि शेवटच्या क्षणी हात मागे घेतलेस. मी ते बघितलं. माणूस इतक्या जवळून आलेल्या बॉलवरून हात मागे घेतो, हे मी पुन्हा कधी बघितलं नाही. आणि मी काय केलं? भीतीनं पाय आखडला. आखडताना गुडघा पुढे आला आणि त्याच्या कडेला बॉल चाटून गेला. चटका बसला चांगला.

रेफरीनं गोल दिला. आपण सगळे त्याच्या अंगावर धावलो. तो म्हणाला, "कीपरच्या बोटाला लागला." तू दोन्ही हात पसरून त्याला दाखवत होतास, जणू बोटांवर काही छापलेलं असतं. संतापलास की तू अहिराणीवर यायचास. "मन्हा हातले लागना नही! लागनाच नही!" मग तू माझ्याकडे वळलास. "अशक्या, तू सांग. तू होतास ना इथं. सांग ना त्याला."

त्या वेळी मी काय विचार केला, ते तीस वर्षं घोकलंय. मोठं काही नव्हतं त्यात. एका मिनिटापूर्वी माझी एक चूक झालेली होती. आता दुसरीही माझीच निघाली तर आख्खी फायनल माझ्या एकट्याच्या डोक्यावर. ते मला झेपणार नव्हतं. मी म्हणालो, "मला वाटतं, लागलं रे थोडं."

एवढंच. त्यातून मला मिळालं काही नाही. मला कोणी निवडणार नव्हतं, कुठं नोकरी लागणार नव्हती. राज्याच्या कॅम्पसाठी पोरं बघायला एक गृहस्थ आले होते, ते तुझ्यासाठी आले होते. मॅचनंतर त्यांनी आपल्या कॅप्टनला सांगितलं, "कीपर फार चांगला आहे, पण ऐन वेळी हात आवरत नाही." आणि गेले. पुन्हा आलेच नाहीत. घरी आंघोळ करताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला लाल वळ होता. दोन दिवसांत तोही गेला.

पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर तू दोन ठोसे मारले असतेस, महिनाभर बोलला नसतास आणि मग आला असतास. मी म्हटलं, थोडं थंड होऊ दे. मग थंड झालं, आणि थंड झालेलं कशाला उकरायचं असं वाटायला लागलं. आणि मग, हे सगळ्यात वाईट, मी ती गोष्ट सांगायला लागलो. कुणाच्या लग्नात, हळदीत, बारशाला, टीमच्या गेट-टुगेदरला. "दिन्याचं बोट सांगू का?" म्हटलं की लोक खुर्च्या जवळ ओढायचे. मी इतकी चांगली सांगायचो की जे मैदानावर नव्हते त्यांनाही वाटायचं आपण बघितलंय. नाशिकच्या कुठल्याही मैदानावर तू गोलमध्ये उभा राहिलास की पायऱ्यांवरून कोणीतरी बोट वर करून वळवळवायचं. ती पद्धत मी पाडली. दुसऱ्या कुणी नाही.

तू दर वेळी म्हणायचास, "नव्हता लागला." मी म्हणायचो, "लागला होता." लोकांना तो आपला खेळ वाटायचा. मलाही वाटावा असा मी प्रयत्न केला.

तू खेळत राहिलास, हे मात्र मान्य. सातपूरला कारखान्यात पहिली पाळी, दुपारी तीनला सुटून मैदानावर. चाळिशीपर्यंत उभा होतास गोलमध्ये. कॅम्प हुकला म्हणून कधी दारू धरली नाहीस, कुणापुढे रडगाणं गायलं नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर गावभर बोंब मारली असती. उजवा खांदा गेला तेव्हा थांबलास आणि थांबलेल्या दुसऱ्याच महिन्यात शिकवायला लागलास.

अकॅडमीवाल्यांना आधी कळेचना की कीपरला वेगळा कोच कशाला लागतो. मोठ्या कोचनं तुला मैदानाचा कोपरा दिला, तोही जिथं पाण्याचा टँकर उभा राहायचा तो. गोलपोस्ट नाही, जाळी नाही. तू माझ्याकडे पिंपळगावला आलास, मी तेव्हा द्राक्षांच्या पॅकहाउसवर सुपरवायझर होतो. कोपरे तुटलेले द्राक्षांचे क्रेट घेऊन गेलास. दोन बाजूंना क्रेटची चळत, झाला गोल. आणि उन्हाळ्यात टेम्पोभर कलिंगडं आणलीस. नवीन पोरांना पहिला महिना बॉल नाही, कलिंगड. ज्याच्या हातून तडकेल त्यानं सोडून बाकी सगळ्यांनी ते खायचं. एक आई भांडायला आली होती, आठवतं? "सर, आम्ही पोराला फुटबॉलला घातलंय का भाजी मार्केटला?" तू शांतपणे तिलाही एक फोड दिलीस. दोन वर्षांनी तिचा पोरगा जिल्ह्याच्या संघात होता आणि ती बाई दर उन्हाळ्यात स्वतः कलिंगडं पाठवत होती.

कलिंगडानंतर तुझं दुसरं खास काम म्हणजे शनिवारचं 'सोड'. मला ते बघवायचं नाही म्हणून मी शनिवारी मैदानावर येणं टाळायचो, तुला कधी कळलं नसेल. कीपरला गोलमध्ये उभं करायचं आणि कधी गोलवर, कधी बाहेर, कधी इनडायरेक्ट म्हणून ओरडून सरळ, असे शॉट मारायचे. जो सोडायचा तो सोडायचाच. हात लावला की दहा उड्या. जगात सगळे कोच पोरांना बॉल अडवायला शिकवतात. तू एकटा त्यांना हात मागे घ्यायला शिकवायचास, आणि का शिकवतोय ते सांगायचास. माझ्याशी 'नव्हता लागला' म्हणून भांडायचास, पण पोरांना शिकवण्यासाठी चूक आपल्या अंगावर घ्यायचास. "मला जमलं नाही. भर फायनलला बोट गेलं माझं. तुमचं जाऊ नये." पोरं हसायची. तूही हसायचास.

म्हणजे बघ काय झालं. जी चूक तू केलीच नाहीस, तिच्यावर तू आपली सगळी शिकवणी उभी केलीस. आणि ती शिकवणी चांगली निघाली, हा आणखी एक वैताग. सुमन घे. पेठकडच्या पाड्यावरची पोरगी, आश्रमशाळेत शिकलेली, घरचे हंगामात द्राक्षतोडीला यायचे. पंधराव्या वर्षी तुझ्याकडे आली आणि चार वर्षांत राज्याच्या संघात उभी राहिली. तिथं एका मॅचला अशीच इनडायरेक्ट फ्री किक सरळ आली आणि सुमननं दोन्ही हात पाठीमागे नेले. बॉल जाळ्यात, गोल नाही. तू मला फोनवर सांगताना रडत होतास. "अशक्या, पोरीनं सोडला रे. सोडला!" मी अभिनंदन म्हणालो आणि काहीतरी काम आहे सांगून फोन ठेवला. काम काही नव्हतं.

आता या हिवाळ्यातलं सांगतो, म्हणजे सगळं सांगून झालं. तू जाण्याआधी दोन-अडीच महिने. मी रिटायर झालोय, पण पॅकहाउसवर ओळख आहे, तू पुन्हा क्रेट मागितले होतेस. टेम्पोवाला जेवायला गेला होता, आपण दोघं टेम्पोच्या फाळक्यावर पाय सोडून बसलो होतो. ऊन छान होतं. तू स्वतःहून बोललास, जे तू कधी करायचा नाहीस.

"अशक्या, लागलंच असेल रे."

"काय?"

"बॉल. बोटाला. इतकी वर्षं उगाच भांडलो तुझ्याशी. तू माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होतास. तुला दिसलं असणार. तू कशाला खोटं बोलशील?"

मी म्हणालो, "जाऊ दे रे. जुनं झालं."

"नाही, मान्य केलं ते बरं झालं. हलकं वाटतंय," तू म्हणालास.

तेवढ्यात टेम्पोवाला आला. आपण क्रेट चढवले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्याआधी हजार वेळा बोलायला हवं होतं, पण तेव्हा तर हवंच होतं. आणि खरं सांगू, दिन्या, मला तुझाही राग आला. आजही आहे. अरे, तुझे ते हात! डोळे मिटून बॉल हातात दिला तर शिवण कुठल्या बोटाखाली आहे ते सांगायचास. हवा किती आहे ते सांगायचास. त्या हातांनी तीस वर्षं तुला सांगितलं की लागला नाही. आणि तू त्यांचं ऐकायचं सोडून माझ्या तोंडावर विश्वास ठेवलास. माझ्या! मी काय भरवशाचा माणूस होतो का कधी? मैदानावर सगळ्यात भित्रा बॅकपास मी दिला होता.

बरं, राग काढून झाला.

शोकसभेनंतर तीन दिवस मला जेवण गेलं नाही. बुधवारी अकराच्या सुमाराला मी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात तुझे ग्लोव्हज धूत होत्या. बादलीत साबणाचं पाणी आणि दोरीवर जोड्या वाळत घातलेल्या. पोरांना वाटायच्या आहेत म्हणाल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बॅकपास, गुडघा, रेफरी, टेम्पोचा फाळका, रविवारचा माईक. त्यांनी हातातली जोडी पिळून काढली, दोरीवर टाकली, चिमटा लावला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"हे मला का सांगताय, भाऊजी?"

"तुम्हाला कळायला हवं म्हणून."

"मला काय कळायचंय? ह्यांनी फुटबॉल कधी घरात आणला नाय. बॉल बोटाला लागला काय नि गुडघ्याला लागला काय, मी ह्यांच्याबरोबर संसार केला, त्या बॉलबरोबर नाय केला." मग बादलीतली दुसरी जोडी काढत म्हणाल्या, "तुम्हाला माझ्यापाशी टाकून मोकळं व्हायचंय. मी नाय घेणार ते. ह्यांची गोष्ट ग्राउंडवर सांगतात ना पोरं? मग तिथं जाऊन बोला. चहा ठेवू?"

चहा घेतला. त्यांनी दोन बिस्किटंही दिली. रागावल्या होत्या की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. निघताना फाटकापर्यंत आल्या नाहीत, एरवी येतात.

म्हणून काल, शनिवारी सकाळी सातला, मी मैदानावर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शनिवारी. तुझ्या जागी आता सुमन शिकवते. आठ-नऊ लहान कीपर, दोन मुली, बाकी मुलगे. तिनं मला बघून मान हलवली आणि चालू ठेवलं. तुझ्यासारखीच ओरडते ती. सोड! लावू नको! सोड! एका बारक्यानं हात लावला, त्याला दहा उड्या. मग तिनं सगळ्यांना जवळ बसवलं आणि ते का करायचं ते सांगायला लागली. "आपले मोठे सर होते ना, त्यांची एकदा फायनल होती मनमाडबरोबर..." मी जशी सांगायचो तशीच. जिथं मी थांबायचो तिथंच थांबत होती. माझ्याकडून लोकांनी घेतली, लोकांकडून पोरांनी, पोरांकडून तिनं. पोरं खिदळायला लागली.

"सुमन, थांब जरा," मी म्हणालो. "ही गोष्ट अशी नाहीये."

आणि त्या पोरांसमोर सांगितलं. गुडघा दाखवला. तुम्हाला सांगतो म्हणून सुरुवात केली आणि मधेच तुझ्याशीच बोलायला लागलो, इतका गोंधळ उडाला माझा. सांगून झालं तेव्हा एकानं विचारलं, "मग सरांची चूक नव्हती?"

"नव्हती. त्यांनी सोडला होता. बरोबर सोडला होता."

मला वाटलं होतं हलकं वाटेल. तू टेम्पोवर म्हणाला होतास तसं. थोडंसं वाटलंही असेल, अर्धा मिनिट.

सुमन बॉल पायाखाली धरून उभी होती. तिनं विचारलं, "सरांना माहीत होतं हे?"

"नाही."

"कधीच सांगितलं नाही तुम्ही?"

"नाही सांगितलं."

तिनं पायाखालचा बॉल उचलून हातात घेतला. रडली नाही, ओरडली नाही. "आम्ही टूरला जायचो ना बसनं," ती म्हणाली, "तेव्हा पूर्ण बसमध्ये आम्ही मुली सरांना बोट करून दाखवायचो. मीच सुरू करायची. सर पण हसायचे, तर मला वाटायचं त्यांना चालतंय." मग तिनं वर माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही तर सांगून मोकळे झालात. आम्ही त्यांना हसलो, त्याचं सॉरी आता आम्ही कोणाला म्हणायचं?"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, दिन्या.